अंगणातला रातांबा कागदावर: कोकणात वनस्पतिचित्रण शिकणाऱ्यांसाठी

फुलाचं देखणं चित्र वेगळं आणि वनस्पतिचित्र वेगळं. ज्याने ते झाड आयुष्यात पाहिलेलं नाही, त्याला तुमचं चित्र हातात घेऊन रानात ते झाड ओळखता आलं, की ते वनस्पतिचित्र. पाकळ्या किती, पानं समोरासमोर की एकाआड एक, देठ केवढा, फळाच्या बुडाशी काय चिकटून राहिलंय, हे त्यात खरं असावं लागतं. रंग आणि मांडणी त्यानंतर. म्हणून "माझा हात चांगला नाही" म्हणणाऱ्यांना मी आवर्जून सांगते, की इथे हाताआधी मोजणी लागते, आणि मोजायला सगळ्यांना येतं.

ही कला आपल्या किनाऱ्याला परकी नाही. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने कोचीला असताना मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. पुढे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५०च्या सुमारास शंभराहून अधिक वनस्पतिचित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच त्याच्याबद्दल माहीत आहे. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून सवय लावून घ्या: कागदाच्या कोपऱ्यात तारीख, गाव आणि स्वतःचं नाव.

सुरुवात कशाने करावी

पहिला महिना फुलाला हात लावू नका. तोडलेलं फूल थोड्याच वेळात मान टाकतं आणि नवख्या हाताला एक पान नीट उतरवायलाच सकाळ पुरत नाही. मग घाई होते, घाईत अंदाज घुसतात, आणि एकदा अंदाजाने काढायची खोड लागली की ती सुटता सुटत नाही.

त्यापेक्षा न कोमेजणाऱ्या वस्तू घ्या. अंगणात पडलेलं फणसाचं पिकलं पान, सालीसकट सुपारी, वाळलेली शंकासुराची शेंग, काटेसावरीचं उकललेलं बोंड. या गोष्टी चार दिवस टेबलावर जशाच्या तशा राहतात. किनाऱ्यालगत राहत असाल तर उंडीचं पान जरूर घ्या. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत गेलेल्या त्याच्या बारीक, अगदी जवळजवळच्या समांतर शिरा काढताना हात आपोआप स्थिर होतो. त्या सगळ्या काढायच्या नसतात. चार-पाच ठिकाणी नीट दाखवायच्या आणि बाकी सुचवायच्या.

महिनाभराने एक झाड निवडा आणि वर्षभर त्याचंच चित्र करा. माझी शिफारस रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या झाडाची. त्याचं पान जाड असतं, लवकर सुकत नाही. फूल लहान पण रचना सोपी, सगळा हिशोब चाराचा. मोहोर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फळं एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे एका कागदावर पान, फूल आणि फळ यायला अख्खा हंगाम जातो, आणि तेवढ्या काळात तुमचा हातही तयार होतो. शिवाय ते परसात असतं. चित्रासाठी दहा वेळा उठून झाडाशी जाता येणं याला पर्याय नाही.

साहित्य

एकदम सगळं विकत आणू नका. सुरुवातीला एचबी आणि २एच पेन्सिली, मळता येणारं खोडरबर, साधी पट्टी, मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक आणि दहापट मोठं दाखवणारं हातभिंग एवढं पुरतं. कर्कटक आणि भिंग ही दोन हत्यारं पेन्सिलीइतकीच महत्त्वाची आहेत.

कागदावर मात्र पैसे वाचवू नका. सरावाला कुठलीही गुळगुळीत वही चालेल, पण रंगासाठी ३०० जीएसएमचा, शंभर टक्के सुती, हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा कागद मागा. दुकानात जलरंगाचा म्हणून सहसा खरबरीत कागद हातात देतात. तो समुद्रकिनाऱ्याच्या देखाव्याला चांगला, पण पानाची कडा आणि केसाएवढी शीर त्यावर तुटते. आर्चेस किंवा फॅब्रियानोचा एक मोठा ताव आणून त्याचे चार तुकडे केले तर तयार पॅडपेक्षा बहुधा स्वस्त पडतो.

ब्रश गोल, चांगलं टोक होणारे, तीन: चार नंबर, दोन नंबर आणि शून्य. कृत्रिम केसांचे चालतात. घेताना दुकानातच पाण्यात बुडवून झटका आणि टोक एकत्र येतं का बघा. रंगांबद्दल पुढे सविस्तर सांगते. कॅमलच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूब सुरुवातीला उत्तम. शाळेच्या रंगपेटीतल्या वड्या नकोत, त्यांत भर घातलेली असते आणि पातळ थर स्वच्छ बसत नाही.

उजेड

प्रकाश डाव्या बाजूने, थोडा वरून यावा असा या कलेतला संकेत आहे. बहुतेक चित्रकार तो पाळतात, त्यामुळे बघणाऱ्याला उंचवटा आणि खोलगटपणा लगेच कळतो. डावखुऱ्यांनी उजेड उजवीकडून घेतला तरी हरकत नाही, मात्र संपूर्ण चित्रात एकच दिशा ठेवावी.

कौलारू घरांत काचेचं कौल असतं. त्याखालचा उजेड मोहात पाडतो, पण उन्हाचा तो चौकोन तासाभरात टेबलभर फिरतो आणि सावल्या बदलत राहतात. उत्तरेकडची खिडकी किंवा पडवीची सावलीतली बाजू चांगली. मागे पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे मागच्या गोंधळातून पानाची कडा सुटी दिसते.

फांदी घरात आणल्यावर

आता खरं काम. सकाळी लवकर, उन्हं यायच्या आधी, रातांब्याची वीतभर फांदी कापा. लगेच पाण्यात घाला. बाटलीच्या तोंडाला ओला कापूस लावा म्हणजे फांदी हलणार नाही. फुलं असतील तर दोन-चार जास्तीची फुलं ओल्या टिपकागदात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. ती उघडून बघायला लागतील.

पेन्सिल उचलायची नाही. आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं आणि कच्च्या वहीत शब्दांत लिहायचं. पानं समोरासमोर, जोडी-जोडीने आहेत. आंब्याचं पान याच्या शेजारी धरलंत तर फरक लगेच दिसतो: आंब्याची पानं एकाआड एक लागतात आणि फांदीच्या टोकाला त्यांची गर्दी होते. रातांब्याची पानं वरून गडद, चकचकीत, खालून फिकी. टोकाची कोवळी पालवी तांबूस. पानाची सर्वांत जास्त रुंदी मधोमध आहे की देठाकडे, हे लिहा. नवखे लोक सगळी पानं एकाच साच्यातली काढतात, ती खोड इथेच मोडते.

मग फूल. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. आपल्याकडे आजीला विचारलंत तर ती फुलाकडे न बघता सांगेल, "ह्यो नर रातांबो, हेका फळां धरूची नायत." तुम्ही ते भिंगातून तपासा. निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) चार, पाकळ्या चार, जाड आणि आतल्या बाजूला वळलेल्या. नर फुलं लहान घोसांनी येतात आणि मधोमध पुंकेसरांचा दाट पुंजका असतो. मादी फुलात मध्ये फुगीर बीजकोश आणि त्यावर चिकटून बसलेली कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग. एक फूल ब्लेडने उभं कापा आणि त्याचा अर्धा भाग भिंगाखाली काढा. हे उभं छेदचित्र तुमच्या कागदावरचं सर्वांत मोलाचं चित्र ठरेल, कारण झाड ओळखण्याची किल्ली त्यात असते. वर्णन करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

शक्य असेल तर नर आणि मादी दोन्ही झाडांची फुलं एकाच चित्रात दाखवा. असं चित्र फारच थोड्या जणांनी मनापासून केलेलं असतं, आणि कोकणात बसून ते न करणं म्हणजे हातातली संधी घालवणं.

मोजून काढणं

पहिलं चित्र एकास एक, म्हणजे खऱ्या आकाराचं. कर्कटकाचं एक टोक पानाच्या बुडाशी, दुसरं टोकाशी. तेच अंतर तसंच्या तसं कागदावर. मग रुंदी, मग देठ, मग दोन पेरांमधलं अंतर. गणित काहीच नाही. फांदी बाटलीतच ठेवा आणि मोजताना एक डोळा मिटा, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर कडा थोडी सरकते.

काढण्याचा क्रम असा: आधी फांदीची मधली रेघ, तिच्यावर पेरांच्या खुणा. मग प्रत्येक पानाची फक्त मधली शीर. ही शीर सगळ्यांत महत्त्वाची. पान वळलेलं असेल, एखाद्या ठिकाणी स्वतःवरच दुमडलेलं असेल, तरी मधली शीर लपलेल्या भागातूनसुद्धा हलक्या हाताने सलग काढा. नंतर तिच्या दोन्ही बाजूंना कडा बसवा. शीर दोन तुकड्यांत काढली की पान मोडल्यासारखं दिसतं, आणि असं का दिसतंय हे काढणाऱ्याला कळतही नाही.

तुमच्याकडे टोक करून आलेलं पान आखूड दिसतं. मेंदू सांगतो, पान लांब आहे. डोळा सांगतो, दीड सेंटीमीटर आहे. कर्कटकावर विश्वास ठेवा. अशी दोन-तीन पानं जमली की चित्राला खोली येते आणि फांदी कागदावर चिकटवल्यासारखी वाटत नाही.

जे चित्र खऱ्यापेक्षा मोठं असेल, उदाहरणार्थ फुलाचा छेद, त्याच्या खाली एक लहान रेघ काढून "५ मिमी" असं लिहा. "पाचपट" असं लिहिणारे पुष्कळ असतात, पण फोटो मोबाइलवर लहान-मोठा झाला की तो आकडा खोटा ठरतो. रेघ चित्राबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती कधी खोटी पडत नाही.

कच्च्या कागदावर समाधान झालं की ट्रेसिंग पेपरवर उतरवा. मग खिडकीच्या काचेला टेकवून चांगल्या कागदावर २एच पेन्सिलीने, अगदी पुसट. हॉट प्रेस्ड कागदावर खोडरबर जोरात घासू नका. वरचा गुळगुळीत थर निघाला की रंग तिथे डाग धरतो.

रेघेचा हात कसा तयार होतो हे बघायचं असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं काम चालतं ते बघून या. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही पाहा. त्यांत छायाप्रकाश नाही आणि तुमचं काम वेगळं आहे. पण एका दमात, न थरथरता ओढलेली रेघ म्हणजे काय, ते शेजारी उभं राहून जितकं कळतं तितकं कुठल्या व्हिडिओतून कळत नाही.

हिरवा

नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण हिरवा रंग, आणि कोकणात तर जिकडे बघावं तिकडे हिरवंच. ट्यूबमधला तयार हिरवा कधीच थेट लावू नका. भाताच्या रोपाचा हिरवा पिवळसर, काजूचा मळकट, रातांब्याचा जवळजवळ काळपट. तयार ट्यूब या तिघांना एकच करून टाकते.

दोन पिवळे, दोन निळे, दोन लाल घ्या. पिवळ्यांत लेमन यलो आणि न्यू गँबोज. निळ्यांत अल्ट्रामरिन आणि थॅलो किंवा प्रशियन ब्ल्यू. लालांत परमनंट रोज आणि एक शेंदरीकडे झुकणारा. पूर्वीचा अस्सल गँबोज आग्नेय आशियातल्या ज्या झाडांच्या चिकापासून मिळायचा, ती झाडं रातांब्याच्याच गार्सिनिया प्रजातीतली. तो उन्हाने उडायचा, म्हणून आता त्या नावाने टिकाऊ रंग मिळतो. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघूनच घ्या. अस्सल अलिझरिन क्रिमसनही उजेडात फिका पडतो.

आता कागदावर चौकटी आखा. आडव्या ओळीत पिवळे, उभ्या ओळीत निळे, आणि प्रत्येक जोडीचे तीन-चार हिरवे: पिवळा जास्त, समसमान, निळा जास्त. त्यातल्या प्रत्येकात किंचित लाल मिसळून दुसरा संच करा. लाल पडला की हिरवा शांत होतो, झाडाच्या जवळ जातो. रातांब्याच्या जुन्या पानासाठी मी अल्ट्रामरिन, न्यू गँबोज आणि थेंबभर परमनंट रोज वापरते. काळा रंग मिसळायचा नाही, त्याने पान मेल्यासारखं दिसतं. हा तक्ता करायला एक रविवार जातो, पण पुढची कित्येक वर्षं कामाला येतो. शेवटी कागदाच्या पट्टीवर रंग लावून, वाळवून, पट्टी पानाच्या शेजारी धरून मिळवून बघा. ओला जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून वाळल्यावरच ठरवायचं.

आगळाने (रातांब्याच्या रसाने) किंवा हळदीने रंगवून बघावं असं पुष्कळांना वाटतं. मजा म्हणून करा, टिकाऊ चित्रात नको. आगळाचा लाल उजेडाने उडतो आणि खार लागला की बदलतो. हळद तर उन्हात दिसेनाशी होते.

रंग चढवताना

पहिला थर पाण्यासारखा पातळ. रातांब्याच्या पानाचा चकाकता भाग असतो तिथे कागद पांढराच राहू द्या किंवा अगदी फिकट निळा लावा, कारण त्या चकाकीत आभाळाचं प्रतिबिंब असतं. पांढरा रंग नंतर वरून लावून ही चकाकी येत नाही. ती सुरुवातीलाच राखून ठेवावी लागते. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा थर, आधीचा पूर्ण वाळल्यावर. सावलीच्या बाजूला रंग लावायचा आणि दुसऱ्या, नुसत्या ओल्या ब्रशने त्याची कडा उजेडाकडे विरवायची. दोन ब्रश बोटांत एकत्र धरायची सवय पहिल्या आठवड्यात अवघड जाते, मग जमते.

शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश. टोकाने बारीक बारीक रेघा देऊन शिरांच्या कडेची सावली, सालीचा पोत. शीर ही हिरव्यावर ओढलेली पांढरी रेघ नसते. तिच्या दोन्ही बाजूंना हिरवा गडद होतो म्हणून ती दिसते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर तुमची पानं निम्म्याहून अधिक सुधारतील.

फळाची वेळ येते एप्रिल-मेमध्ये. पिकलेला रातांबा तांबडा-जांभळा, बुडाशी निदलं तशीच चिकटलेली, डोक्यावर कुक्षीची खूण. हिरवं, अर्धं पिकलेलं आणि पूर्ण पिकलेलं अशी तीन फळं दाखवा. एक आडवं कापा. आतल्या बियांची गोलाकार मांडणी, त्यांभोवतीचा गर आणि सालीची जाडी कर्कटकाने मोजा. रस टेबलावर आणि कागदावर जाणारच, म्हणून ताटलीत कापा आणि हात धुऊनच चित्राला लावा.

हात धुण्यावरून आणखी एक. काजूच्या बीच्या टरफलातला चीक कातडी भाजतो, आंब्याच्या देठाचाही त्रास होतो. श्रावणात कुंपणावर फुलणारी कळलावी चित्रासाठी अप्रतिम आहे. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, रंग हिरवट पिवळ्यापासून लालभडक होत जाणारा, परागवाहिनी बुडाशीच काटकोनात वळलेली, पानाच्या टोकाचा दोरीसारखा ताणा. पण तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद तर फारच. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं काम करा.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागदाला आणि रंगाला हवा मानवत नाही. थर तासन्‌तास वाळत नाही. वाळला की नाही हे बोटाने न चाचपता हाताच्या मागच्या बाजूने बघा, थंड लागला तर आत ओल आहे. हेअर ड्रायर लांबून चालतो. पॅलेट बंद करण्याआधी पूर्ण वाळवा, नाही तर दोन दिवसांत बुरा येतो. कागद मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि पिशवी भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात. ओल लागलेल्या कागदाचा सरसाचा लेप जातो. मग रंग लावताच ठिपके उमटतात आणि त्यावर उपाय नाही. नवं काम सुरू करण्याआधी तावाच्या कोपऱ्यात एक पातळ थर देऊन बघत जा.

आणि तरीही याच दिवसांत कोकणात काढण्यासारखं सर्वाधिक असतं. जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, जुलै ते सप्टेंबर फुलांनी भरून जातात. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर जुलैच्या सुमारास कोकण दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती फक्त आपल्या पट्ट्यातली आहे. मागोमाग सीतेची आसवं, गेंद, तेरडा. सड्यावरून काहीही उपटून आणायचं नाही. तिथेच पोटावर आडवं व्हायचं, भिंग लावायचं आणि वहीत कच्चं रेखाटन करायचं. पावसात जलरंग चालत नाहीत, तेव्हा रंगाच्या नोंदी शब्दांत आणि रंगीत पेन्सिलीच्या ठिपक्यांनी करा, पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिचे किडे धरणारे बारीक फुगे पाण्यात किंवा चिखलात असतात, ते वरून दिसत नाहीत. एखादं रोप वाहत्या पाण्याने आपोआप सुटलेलं मिळालं तरच त्या फुग्यांचं चित्र करावं. आणि पाऊल टाकताना खाली बघा, याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी मासे, हत्ती, माणसं कोरून ठेवली आहेत.

देवराईत जायचं तर आधी गावकऱ्यांना विचारा. पान तोडणंही तिथे चालत नाही, आणि ती रीत पाळावी.

किनाऱ्यावर

वाळूवरची मर्यादवेल वर्षभर भेटते, म्हणून सरावाला छान. पान आपट्यासारखं दुभागलेलं, देठाच्या टोकाशी दोन बारीक ग्रंथी. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तेव्हा सातच्या सुमारास जागेवर बसा आणि फूल आधी काढा. खाडीकाठी पांढरी चिप्पी मिळाली तर तिची वेळ उलटी: फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत केसर गळून जातात. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, फांदी तोडू नका. खाली पडलेली फळं आणि फुलं पुरेशी असतात.

झाडांचा हात बसला की मासे घ्या. मालवण किंवा हर्णैच्या लिलावातून ताजा बांगडा आणा, बर्फावर ठेवा. तोंड डावीकडे, हा माशांच्या चित्रांचा जगभरचा संकेत. पाठीचा हिरवट निळा झळाळ काही तासांत उतरतो, म्हणून रंगाची नोंद सगळ्यात आधी. नंतर मोजणी. शेपटीआधी वरच्या आणि खालच्या अंगाला पाच-पाच सुटे बारीक पर, छातीच्या पराखालचा काळा ठिपका, पाठीवरच्या गडद ठिपक्यांच्या ओळी. घरचे स्वयंपाकाची वाट बघत असतात, तेव्हा एका बैठकीत रेखाटन उरकायची चांगली सवय लागते. शंख काढताना शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे. जिवंत शंख आणू नका.

नाव पटवणं आणि जपणं

चित्राखाली स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, तारीख, गाव. शास्त्रीय नाव हाताने लिहिलं तर त्याखाली रेघ मारतात. नावाची खात्री नसेल तर फक्त "सापडलं तिथलं नाव" लिहा. चुकीचं शास्त्रीय नाव लिहिण्यापेक्षा ते बरं. ओळख पटवायला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र, दापोलीचं कृषी विद्यापीठ या जागा आहेत. आधी परवानगी मागून जा आणि जाताना छेदचित्रं घेऊन जा. नुसत्या फुलांच्या फोटोवरून बऱ्याचदा काम भागत नाही, पण नीट मोजलेला छेद दाखवला की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

तयार चित्र मेअखेर, पाऊस लागायच्या आधीच, किमान ३०० डीपीआयने स्कॅन करून घ्या. चित्रांच्या मध्ये आम्लमुक्त पातळ कागद घाला. फ्रेम केलीत तर पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते. आणि रातांब्याचा कागद संपला असं फेब्रुवारीत वाटलं तरी खालची उजवी बाजू मोकळी सोडा, मेमध्ये तिथे फळ यायचंय.